‘छायाचित्र : संग्रहित’ लिहिणे थांबवू या

गेल्या पावसाळ्यात एका तरुणाने आम्हाला अकरा फोटो पाठवले. नदीचे पाणी वस्तीत शिरले होते. मदरशाच्या इमारतीत सगळ्या जातीधर्मांची कुटुंबे आसऱ्याला आली होती आणि हा मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून कॅमेरा डोक्यावर धरून फिरत होता. त्यातले चार फोटो आम्ही दोन्ही आवृत्त्यांत वापरले. लेख खूप वाचला गेला. फोटोंखाली मात्र आम्ही लिहिले होते, ‘छायाचित्र : संग्रहित’.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला : “सर, पैसे नकोत, फक्त नाव टाका.”

आम्ही नाव टाकले, दिलगिरी कळवली आणि विषय संपला असे समजून पुढच्या कामाला लागलो. महिनाभराने त्याचा पुन्हा मेसेज आला. त्यातला एक फोटो दुसऱ्याच कुणीतरी आपला लोगो चिकटवून चालवला होता. त्याने साधा प्रश्न विचारला होता : “तुम्ही त्यांना परवानगी दिली होती का?” आम्ही दिली नव्हती. पण ती द्यायचा हक्क कुणाचा होता, आमचा की त्याचा, हे सांगणारी एक ओळसुद्धा आमच्याकडे नव्हती. न्याय, समता, संविधान हे शब्द आम्ही दर आठवड्याला लिहितो. एका तरुणाच्या मेहनतीचा प्रश्न समोर आला तेव्हा आमच्याकडे कागद नव्हता, दर नव्हता आणि उत्तरही नव्हते.

हा अग्रलेख त्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे. तुमच्यापैकी जे कॅमेरा घेऊन या व्यवसायात उतरले आहेत किंवा उतरू पाहत आहेत, त्यांच्यासाठीही तो आहे.

अभिमानाने घर चालत नाही

दानिश सिद्दिकी हे नाव तुम्हाला सांगायला नको. जामिया मिल्लियात शिकलेला, रॉयटर्सचा छायाचित्र पत्रकार. रोहिंग्या निर्वासितांवरच्या कामासाठी २०१८ मध्ये पुलित्झर मिळालेल्या चमूत तो होता. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डक इथे तो मारला गेला. पुढच्या वर्षी भारतातल्या कोविडच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला पुन्हा पुलित्झर जाहीर झाले. त्यात दानिशसोबत काश्मीरच्या सन्ना इर्शाद मट्टूचे नाव होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे पारितोषिक घ्यायला ती न्यूयॉर्कला निघाली, तेव्हा व्हिसा आणि तिकीट असूनही तिला दिल्ली विमानतळावरून परत पाठवण्यात आले.

२०२५ चा ‘वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर’ टिपणारी समर अबू अलूफ ही गाझाची मुक्त छायाचित्रकार आहे. त्याच वर्षी २५ ऑगस्टला खान युनिसच्या नासेर रुग्णालयावरच्या हल्ल्यात मारली गेलेली मरियम अबू दग्गाही एपी आणि इतर माध्यमांसाठी मुक्तपणे काम करत होती.

ही नावे आपण स्टेटसला ठेवतो. अभिमान वाटतो, डोळे भरून येतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण या यादीकडे जरा थांबून पाहिले तर एक फरक दिसतो. दानिश नोकरीत होता. समर आणि मरियम नोकरीत नव्हत्या. एकाच रस्त्यावर, एकाच गोळीबारात दोन छायाचित्रकार उभे असतात. एकामागे कंपनी, विमा, वकील आणि महिन्याचा पगार असतो. दुसऱ्यामागे त्याचे घरचे लोक असतात.

आपल्याकडचा मुक्त छायाचित्रकार कसा जगतो, हे तुमच्यातल्या अनेकांनी घरात किंवा मोहल्ल्यात पाहिले असेल. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला. लग्नाच्या हंगामात लग्ने, निवडणुकीत सभा, आणि मधल्या काळात कुठे आग लागली, दगडफेक झाली, मोर्चा निघाला की बातमीचे फोटो. वर्तमानपत्र किंवा वृत्तसंस्था त्याला स्ट्रिंगर म्हणते. फोटो छापला तर पैसे, नाही छापला तर पेट्रोलही अंगावर. पैसे कधी येतील हे लेखा विभागाच्या मर्जीवर. लाठीने लेन्स फुटली तर ती त्याची. पाय मोडला तर दवाखान्याचे बिल त्याचे. आणि पोलिसांनी ओळखपत्र मागितले तर दाखवायला बहुतेकदा काहीच नाही.

पुरस्काराने एकेकट्याचे नाव मोठे होते, पण त्याने दुसऱ्या कुणाची लेन्स भरून निघत नाही. व्यवसायाला मान मिळतो तो त्यातल्या शेवटच्या माणसाचे पैसे वेळेवर येतात तेव्हा. आणि तिथवर एकट्याने पोहोचता येत नाही.

पाठीशी कोण उभे राहते?

काश्मीरचा तरुण मुक्त छायाचित्रकार कामरान युसूफ याला सप्टेंबर २०१७ मध्ये एनआयएने अटक केली. दगडफेक आणि दहशतवाद्यांना मदत असे आरोप होते. आरोपपत्रातला एक युक्तिवाद प्रत्येक मुक्त पत्रकाराने लक्षात ठेवावा असा आहे. तो खरा पत्रकार नाही, कारण त्याने सरकारचे विकासकाम, शाळेचे किंवा दवाखान्याचे उद्घाटन अशा गोष्टी टिपलेल्या नाहीत, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. पत्रकार कोण, हे ठरवायचा अधिकार जणू तपास अधिकाऱ्याकडे गेला. मार्च २०१८ मध्ये त्याला जामीन मिळाला आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले. आयुष्यातली साडेचार वर्षे त्यात गेली. तो आमचा माणूस आहे, आमच्यासाठी काम करतो, असे पहिल्याच दिवशी ठामपणे लिहून देणारे पत्र अशा वेळी किती मोलाचे असते, याचा विचार करा.

दुसरे उदाहरण छायाचित्रकाराचे नाही, पण मुद्दा तोच आहे. केरळचे पत्रकार सिद्दिक कप्पन यांना ५ ऑक्टोबर २०२० रोजी हाथरसकडे जाताना पकडले. ते पोर्टलसाठी लिहिणारे साधे पत्रकार होते. पण ते केरळ युनियन ऑफ वर्किंग जर्नलिस्ट्सचे सभासद आणि तिच्या दिल्ली शाखेचे सचिव होते. अटकेनंतर लगेच ती संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. कुटुंब अजून धक्क्यातून सावरले नव्हते तेव्हा याचिका दाखल झाली होती. एप्रिल २०२१ मध्ये आजारी कप्पन यांना उपचारासाठी दिल्लीला हलवण्याचा आदेश निघाला, तो त्याच याचिकेत. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला आणि २ फेब्रुवारी २०२३ रोजी ते बाहेर आले. संघटनेने त्यांना तुरुंगापासून वाचवले असे म्हणता येणार नाही, दोन वर्षांहून अधिक काळ ते आतच होते. पण संघटनेने त्यांना विस्मरणात जाऊ दिले नाही. तुरुंगातल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

संघटना हिरावून घेतली की काय होते, तेही काश्मीरने दाखवले. श्रीनगरच्या काश्मीर प्रेस क्लबची इमारत जानेवारी २०२२ मध्ये प्रशासनाने परत घेतली. ज्यांना कार्यालय नाही अशा मुक्त पत्रकारांना बसायला टेबल, इंटरनेट आणि एकमेकांची खबरबात मिळण्याची ती जागा होती. जागा गेली तेव्हा नोकरीतल्या पत्रकाराला त्याचे कार्यालय उरले. मुक्त पत्रकाराला काहीच उरले नाही.

लिहून ठेवा

आता कायद्याकडे वळू. हा भाग रुक्ष वाटेल, पण तुमचे पैसे आणि नाव इथेच हरवते.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ नुसार कलाकृती निर्माण करणारा तिचा पहिला मालक. म्हणजे तुम्ही स्वतःहून रस्त्यावर उतरून काढलेला फोटो तुमचा. पण याच कलमात अपवाद आहेत. नोकरीतल्या छायाचित्रकाराचा फोटो छापण्यापुरता मालकाचा होतो. आणि दुसरा अपवाद मुक्त छायाचित्रकाराला अडचणीत आणणारा आहे : कुणी मोबदला देऊन, सांगून फोटो काढून घेतला, आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. ‘वेगळे काही ठरलेले नसेल तर’ हे शब्द पुन्हा वाचा. तुम्ही गप्प राहिलात तर कायदा तुमच्या बाजूने नाही. तुम्ही एक ओळ लिहून घेतलीत तर आहे. ती ओळ अशी असू शकते : ‘या फोटोंचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहील, संस्थेला ते या एका लेखासोबत वापरण्याची परवानगी आहे.’ काम सुरू होण्याआधी ती ईमेलवर पाठवा आणि समोरच्याची संमती घ्या. एवढेही पुष्कळ आहे.

आणखी तीन गोष्टी. एक, हक्क दुसऱ्याला देऊन टाकायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तेव्हा कुणी ‘सगळे हक्क कायमचे’ असा छापील कागद पुढे केला तर घाईने सही करू नका. दोन, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. तुमच्या नातवंडांनाही तो मिळू शकतो. तीन, कलम ५७. हक्क विकल्यानंतरही ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. म्हणजे फोटोखाली नाव देणे ही संपादकाची मेहेरबानी नाही. आमच्या त्या मित्राने नाव मागताना ‘फक्त’ हा शब्द वापरायची काही गरज नव्हती.

पैशांचेही तसेच. छायाचित्रण सेवा म्हणून उद्यम नोंदणी करता येते, तिला शुल्क लागत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते आणि दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे. नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवलेली बरी. प्रत्येक वेळी भांडायची गरज पडत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक दिसला तरी लेखा विभागाची फाईल हलू लागते.

महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. त्यात वृत्त छायाचित्रकार येतो, आणि नेमणूक नियमित असो वा करारावर, दोघेही येतात. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण करार दाखवता आला पाहिजे. म्हणजे फिरून आपण त्याच कागदापाशी येतो.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे, हे तुमच्यातल्या मदरशात शिकलेल्यांना माहीत आहे. सूरह बकराची २८२ वी आयत. ती नमाज-रोज्याविषयी नाही, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदत लिहा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवणही आपण जुम्म्याच्या बयानात लहानपणापासून ऐकत आलो. तरीही ‘आपल्यातलाच आहे, लिहायचे काय त्यात’ म्हणून सर्वांत जास्त तोंडी व्यवहार आपण आपसातच करतो. आपलेपणाच्या नावाखाली बुडालेल्या मजुरीचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

इतरांनी काय केले

हे सगळे प्रश्न जगभरच्या छायाचित्रकारांनी भोगले आहेत, आणि जिथे काही बदलले तिथे ते एकत्र आल्यामुळे बदलले. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सेमूर यांनी मॅग्नम ही सहकारी संस्था काढली. तिचा पायाच हा होता की फोटोचा हक्क मासिकाकडे नाही, छायाचित्रकाराकडे राहील. आज आपण मॅग्नमला कलेचे मोठे नाव म्हणून ओळखतो. सुरुवात मात्र मालकीच्या प्रश्नापासून झाली होती.

ब्रिटनमधल्या नॅशनल युनियन ऑफ जर्नलिस्ट्समध्ये मुक्त पत्रकारांची स्वतंत्र शाखा आहे. कुठल्या कामाला किती पैसे मिळाले, हे सभासद तिथे उघड नोंदवतात. साधी वाटणारी ही गोष्ट फार मोठी आहे. आपल्याकडे दोन छायाचित्रकार एकमेकांना दर सांगत नाहीत, आणि त्याचा फायदा तिसराच घेतो.

न्यूयॉर्क शहरात फ्रीलान्सर्स युनियनच्या प्रयत्नांतून ‘फ्रीलान्स इज नॉट फ्री’ कायदा झाला. मे २०१७ पासून तिथे ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार सक्तीचा आहे, आणि तारीख ठरलेली नसेल तर काम संपल्यावर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२४ मध्ये तसाच कायदा संपूर्ण न्यूयॉर्क राज्याला लागू झाला.

कॅलिफोर्नियाचा अनुभव वेगळा आहे. तिथे २०२० मध्ये कामगारांच्या भल्यासाठी आलेल्या कायद्याने मुक्त छायाचित्रकाराला एका प्रकाशनाला वर्षात ३५ पेक्षा जास्त कामे देणे अवघड केले. १९४६ पासून काम करणारी नॅशनल प्रेस फोटोग्राफर्स असोसिएशन लेखकांच्या संघटनेसोबत न्यायालयात गेली. न्यायालयात त्या हरल्या, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने ती मर्यादा काढून टाकली. ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांना न विचारता केला की चांगला हेतूही पोटावर येतो, आणि ते सांगायला संघटित आवाज लागतो.

२०१४ मध्ये सीरियात जेम्स फोली आणि स्टीव्हन सोटलॉफ या मुक्त पत्रकारांची हत्या झाली. मारेकऱ्यांनी आपल्या धर्माचे नाव घेतले होते. ते आपण विसरता कामा नये. त्यानंतर फेब्रुवारी २०१५ मध्ये मोठ्या वृत्तसंस्था आणि पत्रकार संघटनांनी मिळून सुरक्षिततेची तत्त्वे मान्य केली : नोकरीतल्या पत्रकाराच्या जिवाची जितकी काळजी, तितकीच मुक्त पत्रकाराच्या जिवाची. ही तत्त्वे लिहिणाऱ्यांत मुक्त पत्रकारांची स्वतःची संघटना, फ्रंटलाइन फ्रीलान्स रजिस्टर, होती. तत्त्वे सगळीकडे पाळली जातात असे नाही. पण आता निदान बोट ठेवायला ओळ आहे.

जवळचे उदाहरण ढाक्याचे. शाहिदुल आलम यांनी १९८९ मध्ये ‘दृक’ ही छायाचित्रसंस्था आणि १९९८ मध्ये ‘पाठशाला’ ही प्रशिक्षणसंस्था उभी केली. बांगलादेशचे फोटो बाहेरच्या माणसांनीच येऊन काढायचे आणि बाहेरच्यांनीच विकायचे, हे त्यांना मान्य नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा जगभरचे छायाचित्रकार बोलले, आपल्याकडच्या रघु राय यांनीही पंतप्रधान शेख हसीना यांना जाहीर पत्र लिहिले. शंभरहून अधिक दिवसांनी ते जामिनावर सुटले. तीस वर्षे त्यांनी इतरांसाठी जे उभे केले होते, त्याचे माणूसपण त्या दिवसांत त्यांच्या मागे उभे राहिले.

समान संधी म्हणजे फक्त ईदचे फोटो नव्हेत

पैसे आणि करार हा न्यायाचा एक भाग. काम मिळते कुणाला, हा दुसरा. आपल्यातल्या अनेक छायाचित्रकारांची तक्रार अशी की फोन येतो तो ईदच्या नमाजला, मोहल्ल्यातल्या तणावाला, नाहीतर बुरख्यावरच्या लेखाला. शेअर बाजार, क्रिकेट, ऊसतोड, नाटक यासाठी येत नाही. दलित आणि आदिवासी छायाचित्रकारांचा अनुभवही याच वळणाचा आहे, आणि मुलींचा तर त्याहून कठीण. घरच्यांची परवानगी, रात्रीचा प्रवास, मग गर्दीतले धक्के, आणि एवढे पार करून आल्यावर ‘तुला जमेल का’ हा प्रश्न.

यावर ‘विमेन फोटोग्राफ’ या गटाने २०१७ मध्ये काढलेला उपाय शिकण्यासारखा आहे. त्यांनी स्त्री छायाचित्रकारांची देशोदेशीची सूची बनवली आणि संपादकांसमोर ठेवली. ‘शोधल्या, पण मिळाल्या नाहीत’ हे कारणच त्यांनी काढून घेतले. शिवाय मोठ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरचे मुख्य फोटो किती स्त्रियांचे असतात, याची मोजणी सुरू केली. अशी सूची मराठी मुलखातही बनू शकते.

मग मुस्लिम छायाचित्रकारांची वेगळी संघटना काढावी का? आमचे मत नाही असे आहे. वेगळे दुकान थाटले की बाकीच्यांना आपल्याला विसरायला सोपे जाते, आणि आपल्यातल्याच एखाद्याला कायमचा अध्यक्ष व्हायला. महाराष्ट्रात पत्रकार संघटनांची परंपरा जुनी आहे. मुंबई मराठी पत्रकार संघ, मुंबई प्रेस क्लब, बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्स, जिल्ह्याजिल्ह्यातले संघ. महिलांसाठी नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया आहे, डिजिटल माध्यमांसाठी डिजिपब आहे. यातल्या बऱ्याच जुन्या संस्था पगारी पत्रकाराभोवती वाढल्या, कारण १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदाही नोकरी गृहीत धरूनच झाला. तो आता २०२० च्या संहितेत सामावला गेला, तरी मुक्त छायाचित्रकाराचा प्रश्न तसाच उरतो. अधिस्वीकृतीपत्र मिळवतानाही मुक्त पत्रकाराच्या वाट्याला कडक अटी येतात. म्हणून आपण तिथे जायचे, सभासदत्व मागायचे, नियम आडवा आला तर तो बदलण्याचा ठराव मांडायचा. नकार मिळाला तर तो लेखी मागायचा.

संघटनेत गेलात की तुमच्यावरही जबाबदारी येते. पीडित मुलीचा चेहरा दिसणार नाही, दंगलीचा जुना फोटो नवा म्हणून जाणार नाही, जनाजा टिपताना घरच्यांची संमती घेतली जाईल, फोटोत काही मिसळले वा काढले जाणार नाही. स्वतःसाठी न्याय मागणाऱ्याने कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला तो आधी द्यायचा असतो.

आमच्यापासून सुरुवात

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. त्या दिवसाचा फोटो आपल्या चळवळींनी कितीदा छापला, कितीदा फिरवला. तो टिपणाऱ्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आपला इतिहास ज्यांनी डोळ्यांनी धरून ठेवला, त्यांना आपण ‘संग्रहित’ करून टाकले आहे.

म्हणून या अंकापासून काही गोष्टी आम्ही जाहीरपणे मान्य करतो. फोटो मागण्याआधी दर, वापर आणि मुदत ईमेलवर लिहून पाठवू. हक्क छायाचित्रकाराचा राहील, आम्ही फक्त वापराची परवानगी घेऊ. पैसे ३० दिवसांत देऊ. प्रत्येक फोटोखाली नाव असेल आणि दोन्ही आवृत्त्यांत सारखे असेल. धोक्याच्या ठिकाणी पाठवले तर त्या कामाचे पत्र सोबत देऊ आणि फुटलेल्या वस्तूचा खर्च आधी ठरवू. जिथे पैसे नसतील तिथे फोटो वापरणार नाही. पान जरा ओके दिसले तरी चालेल.

‘चळवळीकडे पैसे कुठे असतात’ हा प्रश्न आमच्याच बैठकीत आला. खरे आहे, नसतात. पण मंडपवाल्याला आपण पैसे देतो, माईकवाल्याला देतो, चहावाल्याला तर त्याच दिवशी देतो. कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या पोराला मात्र ‘समाजाचे काम आहे’ म्हणून सांगतो. समाजाचे काम असेल तर त्याचा भार सगळ्या समाजावर पडू दे, एकट्या त्याच्यावर नको.

तुमच्या संस्थेने, ट्रस्टने, जमातीने, कॉलेजच्या मंडळाने गेल्या वर्षभरात कुणाचे फोटो वापरले, ते एकदा काढून पाहा. नावे शोधा. राहिलेले पैसे द्या. आणि तुम्ही स्वतः छायाचित्रकार असाल तर पुढच्या कामाआधी ती एक ओळ लिहून घ्या, आणि आपल्या गावातल्या आणखी चार जणांना भेटून आपापले दर एकमेकांना सांगा. संघटना अशीच सुरू होते.

त्या तरुणाच्या चार फोटोंचे पैसे आम्ही या आठवड्यात त्याच्या खात्यावर पाठवले. सोबत एक पत्रही, ज्यात ते फोटो त्याचे आहेत आणि त्यांचा दुसरा कुठलाही वापर त्याच्याच परवानगीने होईल असे लिहिले आहे. उशीर झाला, त्याबद्दल माफी. त्याने उत्तरात बाकीच्या सात फोटोंचा दर कळवला आहे. आम्हाला त्याचा आनंद झाला.